रडणारीला उत्तर

मधल्या सुट्टीत डबे उघडले की आमच्या शिक्षकांच्या खोलीत हमखास सिनेमाचा विषय निघतो. कोणाचं काम कोणाला विसरता येत नाही यावर इतकी हमरीतुमरी होते की भाजी निवून जाते. माझी यादी तयार असते. एका जुन्या सिनेमात एक म्हातारा कारकून निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण उघडतो, रिकामा आहे हे बघतो आणि हळूच बंद करतो. एवढंच. मला ते पुरतं. दुसऱ्या एका सिनेमात सासरा सुनेकडे न बघता फक्त मीठ मागतो आणि माझ्या अंगावर काटा येतो. आरडाओरडा करणारे नट मला आवडत नाहीत. ओरडायला काय, आमचे मुख्याध्यापकही ओरडतात.

पहिला नंबर मात्र मी खोलीत कधी सांगितला नाही. ते काम पडद्यावर झालंच नव्हतं. ते पडद्यासमोर, उमरखेडच्या टॉकीजमध्ये, बायकांच्या बाकांवर झालं आणि करणारी माझी आई होती.

आम्ही तांड्यातले. आमची माणसं एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायची. आता फुलसावंगीच्या बाजूला कापूस, सोयाबीन करतात. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशा तीन जिभा घेऊन मी वाढले. आईला आम्ही याडी म्हणतो.

आमच्यात रडण्याचीही रीत आहे. मुलगी सासरी निघाली की घरच्या बायका तिच्या गळ्यात पडतात आणि सुरात, शब्दांत रडतात. त्याला ढावलो म्हणतात. एकीनं ओळ काढायची, शेवटी सूर लांबवायचा आणि थांबायचं. मग दुसरीनं, कधी खुद्द नवरीनं, उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय पहिली पुढं जात नाही. रडणारीला एकटं सोडायचं नसतं, हा त्यातला कायदा.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. उमरखेडचा बाजार आटोपला होता, परतीच्या एसटीला तीन तास होते आणि सिनेमा बघायचा हट्ट मी धरला. याडीनं त्याआधी सिनेमा बघितलाच नव्हता. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती बसली. पडद्यावरचे लोक आपल्याकडे बघत नाहीत हे लक्षात आल्यावर जरा सैल झाली. गाणी तिला आवडली. मारामारीत ती मान खाली घालून पिशवीतली वांगी चाचपत राहिली.

मग तो प्रसंग आला. धाकट्या बहिणीची पाठवणी झाली आहे, गाडी गेली आहे आणि थोरली रिकाम्या मांडवात खांबाला धरून रडते आहे. त्या नटीनं फार सुंदर काम केलं होतं. चेहरा हलत नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं. सगळं टॉकीज गप्प. मी डोळे पुसत होते.

याडी चुळबुळ करायला लागली. "हिच्या गळ्यात कोनी काहून पडून नाही राह्यलं?" ती माझ्या कानात म्हणाली.

"चूप बस ना याडी. सिनेमा आहे तो."

"मंग सिनेमात बाया नाहीत का?"

मी उत्तर देण्याआधीच ती उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला, एक हात पुढं केला आणि भरल्या टॉकीजमध्ये ढावलोचा सूर लावला. शब्द आमच्या बोलीतले होते. मराठीत सांगायचं तर असे: वाट लांब आहे बाई, पण वाटेवर पाणी आहे. तू रड, मी ऐकते आहे. तू रड, मी इथं उभी आहे.

मग मागून कोणीतरी शिट्टी मारली आणि सगळं टॉकीज खो खो हसायला लागलं. दारावरच्या माणसानं बॅटरीचा झोत आमच्यावर टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी याडीचा पदर धरून तिला खाली ओढलं, इतक्या जोरात की पदर टर्रकन फाटला. ती बसली. एसटीत मी गाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. उतरताना तीच म्हणाली, "तिले कोनी उत्तरच नाही देलं पोरी. एवढी रडली बिचारी."

फाटलेला पदर तिनं दुसऱ्या दिवशी शिवला. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

पुढं मी डी.एड. झाले, नोकरी लागली, म्हणजे दीडशहाणी झाले. माझं लग्न ठरलं तेव्हा तांड्यातल्या बाया रोज संध्याकाळी मला ढावलो शिकवायला येऊ लागल्या. दोन दिवस मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी सरळ सांगितलं, की हे नाटक आहे. ज्याला रडू येतं त्याला शिकवावं लागत नाही.

बाया एकमेकींकडे बघत उठल्या. याडी चुलीपाशी होती. ती चिडली नाही, हातातली भाकर थापत म्हणाली, "भाकर बी शिकाच लागते. मंग ते भाकर खोटी असते का?"

मी नुसतीच हसले. पाठवणीच्या वेळी याडी माझ्या गळ्यात पडली, तिनं ओळ काढली, सूर लांबवला आणि थांबली. मी तिची पाठ थोपटली आणि म्हणाले, "पुरे आता, लोक बघताहेत." मागून एका म्हाताऱ्या काकूनं तिला उत्तर दिलं. माझ्या जागी दिलं. तेव्हा मला आपण फार सुधारलेलो आहोत असं वाटलं होतं. आज त्या दिवसाची लाज वाटते, टॉकीजमधल्या लाजेपेक्षा कितीतरी जास्त.

ही लाज मला एका नटीनं शिकवली. काही वर्षांपूर्वी मोबाईलवर एक सिनेमा बघत होते. मुलगा गेल्याचा निरोप येतो तेव्हा आई तांदूळ निवडत असते. निरोप ऐकते आणि निवडतच राहते, फक्त आता ती खडे ताटात ठेवते आणि तांदूळ बाहेर टाकते. मी तो प्रसंग पाच-सहा वेळा मागं नेऊन बघितला आणि दर वेळी रडले. मग मनात आलं, हिनं हे किती वेळा केलं असेल. कोणीतरी सांगितलं असेल, पुन्हा करा बाई, उजेड बरोबर नव्हता. पाठ केलेलं, ठरवलेलं, मोजून मापून केलेलं. तरी माझ्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं, आणि तिचंही नसावं. मला याडीची भाकर आठवली. चाळीस वर्षं मी नटांच्या शिकलेल्या रडण्याला दाद देत होते आणि आईच्या शिकलेल्या रडण्याला नाटक म्हणत होते.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. मुलगी नागपूरला नोकरी करते. याडी आता ऐंशीच्या पुढं आहे, ऐकू कमी येतं, पण जीभ शाबूत. लग्नाच्या आठ दिवस आधी ती माझ्याकडे उमरखेडला आली आणि आल्या आल्या म्हणाली, "नातीले ढावलो मी काढीन. पन उत्तर कोन देईन?"

तिच्याबरोबरीच्या सगळ्या गेल्या होत्या. तांड्यातल्या नव्या सुनांना येत नाही. मी म्हणाले, "मला शिकव."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुले नाही जमत माय. तुले लाज वाटते."

मी हट्ट केला असता तर तिनं शिकवलं असतं. पण पत्रिका, आचारी, कार्यालय यांच्या धांदलीत मी तो विषय पुढं ढकलत राहिले. खरं सांगायचं तर तिचं म्हणणं खरं होतं. रोज संध्याकाळी ती बाजेवर बसून एकटीच ओळी पुटपुटायची, प्रत्येक ओळीनंतर थांबायची आणि मग मान हलवून पुढची धरायची. ते मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. उत्तर आलं नाही तर ती भर मांडवात तशीच थांबून राहील, ही धास्ती मला त्या आठ दिवसांत एकदाही सोडून गेली नाही.

पाठवणीची वेळ झाली. कार्यालयाच्या दारात डीजे नुकताच बंद झालेला, सगळ्यांचे मोबाईल वर. याडी काठी टेकत आली आणि नातीच्या गळ्यात पडली. व्हिडिओवाला ओरडला, "आजी, एक मिनिट, लाईट येऊ द्या, मंग रडा!"

याडीला ऐकू गेलं नाही, किंवा तिनं ऐकलं नाही. तिनं ओळ काढली. आवाज चिरका झाला होता, पण सूर जागेवर होता. शेवट लांबवला आणि ती थांबली. माझी मुलगी हुंदके देत होती, पण तिच्याकडे शब्द कुठून असणार? मीच दिले नव्हते. बायका कौतुकानं बघत होत्या. कोणीतरी म्हणालं, आजी किती छान करतात. याडीनं तीच ओळ पुन्हा काढली आणि पुन्हा थांबली. नातीच्या खांद्यावरून तिची नजर गर्दीत फिरली, एकेका चेहऱ्यावरून. माझ्यावर येऊन ती थांबली नाही, पुढं गेली.

मी गर्दीतून वाट काढली आणि मागून आईच्या गळ्यात हात टाकले. मला एकच उत्तर येत होतं. तेच काढलं. वाट लांब आहे बाई, पण वाटेवर पाणी आहे. तू रड, मी ऐकते आहे. तू रड, मी इथं उभी आहे. सूर पार चुकला. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. मी थांबले नाही, शेवट जमेल तितका लांबवला.

याडीची पाठ माझ्या छातीशी थरथरली. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"हे तं मी त्या सिनेमातल्या बाईले म्हनलं होतं," ती हळूच म्हणाली.

आणि तिनं पुढची ओळ धरली.