तंबूसरांच्या हातची ओळ

तंबूसर ग्रीक शिकवायचे ते सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका ताडपत्रीच्या दुकानात बसून. दुकान नरसय्याकाकांचं. ट्रकवर घालायची जाड खाकी कापडं ते शिवायचे आणि त्या कापडांच्या ढिगावर मांडी घालून सर माझ्याकडून दोन हजार वर्षांपूर्वीची क्रियापदं घोकून घ्यायचे. सरांच्या घरी टेबल होतं, खुर्ची होती, पंखाही होता. पण बायबलमधल्या ज्या प्रेषिताची पत्रं आपण वाचतोय तो तंबू शिवून पोट भरायचा, तेव्हा ती पत्रं वाचायची तर शिलाईच्या आवाजातच, असा त्यांचा हट्ट. त्या हट्टापायी सगळी पेठ त्यांना तंबूसर म्हणू लागली. खरं नाव पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं.

सर निवृत्त इतिहास शिक्षक. मिल कामगाराचा मुलगा, आणि रविवार न चुकवणारा ख्रिस्ती माणूस. ग्रीक-रोमन शहरांत पहिले ख्रिस्ती लोक कसे राहत, काय खात, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कशावरून भांडत, यावर ते मराठीत पुस्तक लिहीत होते. चर्चमधली मंडळी जरा नाक मुरडायची. त्यांना प्रेषिताच्या डोक्यामागे तेजोवलय हवं असायचं आणि सर त्याच्या हातांना पडलेल्या घट्ट्यांबद्दल बोलत बसायचे. त्या काळचे सुशिक्षित लोक हाताने काम करणाऱ्याला हलका समजत, आणि हा गृहस्थ तर दुकानात बसून शिवता शिवता उपदेश करायचा, असं सरांचं प्रतिपादन. पण शिवताना खरंच बोलता येतं का, ही शंका त्यांना छळायची. त्यांनी सरळ नरसय्याकाकांना विचारलं. काका म्हणाले, “हात चालू ऱ्हायला की तोंड मोकळंच हाय की सर.” पहिल्या प्रकरणाच्या तळटीपेत ते वाक्य काकांच्या नावासकट गेलं. काकांनी ते पान महिनाभर गिऱ्हाइकांना दाखवलं.

मी कुर्डुवाडीहून पॅसेंजरने यायची आणि पॅसेंजर कधी वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. एक वाजो, दोन वाजोत, सर डबा उघडायचे नाहीत. भूक लागली नाही म्हणायचे, ते धादांत खोटं असायचं, कारण पहिला घास घेतानाच त्यांचे डोळे मिटायचे. भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा, एवढंच असायचं, आणि त्याचे तीन वाटे व्हायचे. एकदा मी रागावले, की माझ्यासाठी उपाशी कशाला बसता. तेव्हा त्यांनी मला करिंथ शहराची गोष्ट सांगितली. तिथले ख्रिस्ती एकत्र जेवायला जमायचे. ज्यांना काम नव्हतं ते श्रीमंत लवकर यायचे आणि जेवून मोकळे व्हायचे. गोदीतले हमाल, गुलाम, मजूर काम सुटल्यावर यायचे तोवर भांडी रिकामी. सरांचे वडील दुसऱ्या पाळीला होते. मिलचा भोंगा झाल्यावर ते लग्नाच्या पंगतीला पोचायचे आणि पाणी पिऊन परत यायचे, हे सरांनी लहानपणी पाहिलं होतं.

“एकमेकांसाठी थांबा,” सर म्हणाले, “एवढं सांगायला प्रेषितानं शाई खर्च केली बघ. त्याच्यावर मोठमोठे अर्थ लोकांनी नंतर चढवले.” पुस्तकाचं नववं, शेवटचं प्रकरण या पंगतीवरच होतं.

सरांची नजर अधू झाल्यापासून ते सांगायचे आणि मी लिहायची. त्यातही त्यांना प्राचीन थाट सापडला. त्या काळी पत्रं अशीच लेखनिकाला सांगितली जात आणि शेवटी पाठवणारा लेखणी स्वतः हातात घेऊन मोठ्या अक्षरांत एखादी ओळ लिहायचा, म्हणजे पत्र खरं. सरही प्रत्येक पत्राखाली, प्रत्येक प्रकरणाखाली माझ्या हातून पेन काढून घेत आणि ठळक, ताठ अक्षरांत लिहीत: ‘हे मात्र मी स्वतः लिहितोय.’ पुढे मग एखादी मनातली गोष्ट. लेखनिकालाही एक ओळ नमस्कार घालायची मुभा असते, असं ते मला दरवेळी सांगायचे. एका लेखनिकाने तसा घातलाही होता म्हणे. मी दरवेळी लाजून नको म्हणायची. माझी कसली ओळ, असं वाटायचं.

मग मला पुण्यात नोकरी लागली. नववं प्रकरण अर्धं राहिलं होतं. सरांनी नुसतं पुढचं वाक्य सांगायला घेतलं, आणि ते मला इतकं टोचलं की मीच फणकाऱ्याने म्हणाले, “सर, हे पुस्तक सोलापुरात वाचणार कोण?”

सरांनी डब्याचं झाकण लावलं. “त्याला तरी कुठं ठाऊक होतं? त्यानं चार ओळखीच्या माणसांना पत्र लिहिलं.” मग म्हणाले, “नीघ आता, गाडी चुकेल.”

ते वाक्य मी परत घ्यायला हवं होतं. त्याच क्षणी घ्यायला हवं होतं.

सरांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. तीनेक महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. अक्षर नरसय्याकाकांचं, चौथीतल्या मुलासारखं गोल गोल. मजकूर सगळा पुस्तकाचा: अमुक शब्द बदलला, तमुक संदर्भ तपासून कळव. खाली काकांनी आपला हक्क बजावला होता, ‘पत्र लिहिणाऱ्या नरसय्याचा नमस्कार.’ आणि सरांच्या हातची ओळ नव्हती. दुसऱ्या पत्रात नव्हती, तिसऱ्यातही नव्हती. माझी जागा भरली गेली आणि सर माझ्यावर रुसले, असा अर्थ मी काढला. ठीक आहे, म्हटलं, रुसा. मी तुटक उत्तरं पाठवू लागले. दोन दिवाळ्या गेल्या. मी घरी कुर्डुवाडीपर्यंत यायची आणि तिथूनच पुण्याला परत फिरायची. पुढे तासाभरावर सोलापूर होतं.

मग नरसय्याकाकांचा फोन आला. मी पोचेपर्यंत सरांना माती देऊन झाली होती. पाय आपोआप दुकानाकडे वळले. काका मशीनपाशी बसले होते आणि मशीन बंद होतं.

“तुमी गेलावं आन् दोन म्हैन्यात सरांचा उजवा हात गेला ताई,” ते म्हणाले. “मी कळवू का म्हनलो. तर म्हनले, लेखनिकानं नमस्कार तेवढा लिहायचा. वाकडी अक्षरं तिला धाडणार न्हाय म्हनले. मग डाव्या हातानं हितं खडूनं गिरवायचे, रोज. सांजच्याला मी झटकून टाकायचो.”

मापं आखायच्या खडूने, ट्रकच्या कापडावर. काकांनी कपाटातून एक खाकी तुकडा काढला, दोन्ही हातांवर घेऊन अलगद माझ्यासमोर पसरला. “ह्ये शेवटचं. न्हाय झटकलं.”

वीत वीत उंचीची अक्षरं होती. पाय घसरल्यासारखी, एकमेकांवर कलंडलेली. ‘हे मात्र मी स्वतः लिहितोय. तुझ्यासाठी थांबलोय.’

मी त्या कापडांच्या ढिगावर बसून रडले. काकांनी मला रडू दिलं. मग त्यांनी मशीन सुरू केलं, का ते मला कळलं: पत्रं वाचायची तर शिलाईच्या आवाजातच.

नववं प्रकरण मी तिथेच बसून पुरं केलं, सरांच्या टिपणांवरून, रजा वाढवून वाढवून. पुस्तक अजून छापलेलं नाही. कोण छापेल माहीत नाही, पण हस्तलिखित तयार आहे. शेवटच्या पानावर सरांच्या ओळीची जागा मी कोरी ठेवली. तिच्याखाली, इतकी वर्षं नको म्हटलेली माझी ओळ आहे:

‘लिहून घेणारीचा नमस्कार. सर, मला उशीर झाला.’