मागच्या खोलीतला पीसी, पुढच्या खोलीतला डबा

तुमच्या घरातली मुलगी कोणाच्याही उपयोगाचं नसलेलं काहीतरी करत, नुसती मजेत बसली आहे, असं तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?

आठवायला वेळ लागत असेल तर लागू द्या. तोवर मी गेम पीसीवर खेळावेत की कन्सोलवर, या विषयावर बोलते. हे दोन वेगळे विषय आहेत असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, कामठ्याच्या अलीकडे आहे. बाबा धानाची शेती करतात आणि पत्रकं लिहितात. विडी वळणाऱ्या बायांसाठी, तलावाच्या पाण्यासाठी, जंगलातल्या गावांच्या हक्कांसाठी, ज्याला लिहून पाहिजे त्याच्यासाठी. उरलेली पत्रकं घरीच राहायची. आई ती डब्यांच्या तळाशी अंथरायची, त्यामुळे डाळ संपत आली की मागण्या दिसायला लागायच्या. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. चौथीत ‘आमची गाय’ हा निबंध लिहिला, त्याच्या शेवटी गाईच्या तीन मागण्या होत्या. गुरुजींनी एवढंच विचारलं की हे निवेदन नेमकं कोणाला द्यायचं आहे.

पत्रकाबद्दल बाबांचा एकच नियम आहे. मागणी सगळ्यात वर, ठळक अक्षरात. खालचा मजकूर लोक वाचतात, नाही वाचत. मागणी दिसली पाहिजे.

मी गोंदियाला कॉलेजात जायला लागले तेव्हा घरात एक यंत्र घ्यायचं ठरलं. एकच. माझ्या लहान भावाला कन्सोल पाहिजे होता, कारण गोंदियातल्या मित्राकडे त्याने तो पाहिला होता. मला पीसी पाहिजे होता. बाबा म्हणाले, “दोघंही लिहून द्या.”

मी चार पानं लिहिली. पीसी पेचकसने स्क्रू काढून उघडता येतो. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. गेम सवलतीत मिळतात, जुने गेमही चालतात, इंटरनेटवर मित्रांसोबत खेळायला वेगळी वर्गणी भरावी लागत नाही. कन्सोल म्हणजे कंपनीने बंद करून दिलेला डबा. तो तुमच्या घरात राहतो, पण ऐकतो कंपनीचं. जे आपल्याला उघडता येत नाही ते आपलं नसतं, हे वाक्य मी दोनदा लिहिलं, कारण मला ते आवडलं होतं.

भावाने वहीच्या अर्ध्या पानावर लिहिलं: “चालू केलं का चालते. दोघं खेळता येते.”

बाबांनी दोन्ही वाचलं आणि निकाल दिला, “पीसीच घेऊ. अभ्यासालेही होते.”

अभ्यास हा शब्द माझ्या चार पानांत कुठेही नव्हता. पण निकाल आपल्या बाजूने लागला की कारण कोणी तपासत नाही.

गोंदियाच्या बाजारात दुकानदाराने विचारलं, “गेमिंग के लिए चाहिए कि पढ़ाई के लिए?”

“पढाई,” बाबा म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. त्याने यादीत एक ग्राफिक कार्ड घातलं.

“हे कायचं?” बाबांनी विचारलं.

“इससे चित्र साफ दिखते हैं, भाऊ.”

“कोणते चित्र?”

“साइन्स के,” तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका गंभीर होता की मलाच क्षणभर वाटलं, असतील.

पीसी मागच्या खोलीत बसवला. तिथे धानाची पोती असतात, म्हणून ती खोली शांत असते आणि म्हणूनच तिथे भुसा उडतो. भुसा पीसीच्या पंख्यात जायचा. दर महिन्याला मी बाजूचं झाकण काढून सायकलच्या पंपाने आत हवा मारायची. उन्हाळी धानाला पाणी द्यायला गावातले मोटारपंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि गेम ऐन रंगात आला असताना पडदा काळा व्हायचा. एकदा पॉवर सप्लाय जळाला. मी नवीन आणून स्वतः बसवला आणि आठवडाभर घरात त्याबद्दल बोलत राहिले. गेम उतरवून घ्यायला मोबाइल रेंजसाठी स्लॅबवर नेऊन ठेवावा लागायचा. कार्ड साधं होतं, त्यामुळे चित्राची प्रत कमी करून खेळावं लागे. माझ्या गेममधलं पाणी नेहमी पत्र्यासारखं दिसलं. हे पीसीचे तोटे आहेत, मी लपवत नाही. पण झाकण माझ्या हातात होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

खेळायला मात्र एक गोष्ट लागायची, जी माझ्या पत्रकात नव्हती. पडद्यावर गेमच्या मागे एक तक्ता उघडून ठेवावा लागायचा. आकड्यांनी भरलेला, कसलाही. दारात पावलं वाजली की दोन बटनं दाबायची आणि तक्ता पुढे आणायचा. हे करण्यात मी इतकी तरबेज झाले की गेममध्ये तितकी कधीच झाले नाही.

आई पाहुण्यांना आवाज खाली आणून सांगायची, “ती अभ्यास करून राहिली.” पाहुणेही मग हळू बोलायचे. दवनीवाड्याचे मामा, आईचे मोठे भाऊ, यांनी तर त्यांच्या गावात सांगून टाकलं होतं की भाची कॉम्प्युटरमध्ये फार पुढे गेली. मग लोक निकाल पाहायला, फोटो लहान करायला, धान विक्रीची नोंदणी करायला यायचे. जे यंत्र सगळं करू शकतं त्याच्याकडे सगळं येतं. मी नकार देऊ शकत नव्हते. काय सांगणार, खेळून राहिले?

पुढे भाऊ एका राईस मिलमध्ये कामाला लागला आणि त्याने जुना कन्सोल विकत घेतला. डब्याला टीव्ही लागतो आणि टीव्ही पुढच्या खोलीत. तिथेच पाहुणे बसतात. म्हणजे तो सगळ्यांसमोर खेळायला लागला. पहिल्यांदा त्याने शेतीचा गेम आणला. आमची धानाची रोवणी चालू, आई चिखलाच्या पायांनी घरात आली, आणि पोरगा सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर ट्रॅक्टर चालवून राहिलेला.

आईने उभ्याउभ्या थोडं पाहिलं. “याचं धान किती दिवसात होते?”

“वीस मिनिटांत.”

“मंग हेच पेर,” म्हणून ती हात धुवायला गेली.

कोणी त्याला तक्ता उघडायला लावला नाही. “मिलमधून थकून येते, खेळू द्या,” असं आईच म्हणायची. मी त्याच्या डब्यात दोष शोधत राहिले आणि ते सापडलेही. कंट्रोलरची दिशा देणारी काडी खराब झाली आणि त्याची गाडी आपोआप डावीकडे जायला लागली. नवीन घे, असं दुकानात सांगितलं. मीच तो उघडला, साफ केला आणि बऱ्यापैकी दुरुस्त करून दिला. मला वाटलं, मुद्दा सिद्ध झाला. भावाने त्याच दिवशी खेळून झालेली डिस्क मित्राला देऊन दुसरी आणली आणि मला म्हणाला, “तुझा गेम दे ना मले एखादा खेळायला.” माझे गेम माझ्या ऑनलाइन खात्यात बंद होते. ते सख्ख्या भावाला द्यायचे तर अख्खं खातंच द्यावं लागलं असतं. मी विषय बदलला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडारीचं लोकनाट्य नाहीतर नाटक, आणि ज्या गावची मंडई त्या गावच्या प्रत्येक घरात पाहुणे. आमच्या मंडईच्या दिवशी दुपारी पुढची खोली भरली होती. मामा, मामी, बाबांचे दोन मित्र. भावाने मामांच्या हातात कंट्रोलर दिला आणि गाड्यांची शर्यत लावली. मामा कंट्रोलरला रिमोट म्हणत होते आणि वळण आलं की स्वतःच वळत होते. अख्खी खोली हसत होती.

मी मागच्या खोलीत होते. समोर गेम, गेमच्या मागे तक्ता. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येत होता आणि आईचा आवाज आला, “हळू, ती अभ्यास करून राहिली.” सगळे गप्प झाले.

माझ्यामुळे सगळं घर गप्प बसलं होतं आणि मी रानडुक्कर मारत होते.

मी उठले, पुढच्या खोलीत गेले, भावाच्या हातातला दुसरा कंट्रोलर घेतला आणि मामांशेजारी सतरंजीवर बसले.

“तू कायले आली?” मामा म्हणाले. “अभ्यास झाला का?”

“मामा, मी अभ्यास नव्हती करून राहिली. गेम खेळून राहिली होती.”

“आज मंडई आहे, आज चालते.”

“आज नाही. पीसी आणला तेव्हापासून. अभ्यासही करते, पण तुम्ही येता तेव्हा बहुतेक गेमच असते.”

मामांनी आईकडे पाहिलं. त्यांनी या भाचीबद्दल दवनीवाड्यात बरंच काही सांगून ठेवलं होतं आणि ते आता परत कसं घ्यायचं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आई सुपारी कातरत होती. “मले मालूम होतं,” ती म्हणाली. “अभ्यास करताना कोणी ‘मर, मर’ म्हणते का?”

“मंग पाहुण्यायले अभ्यास काऊन सांगे तू?” मी विचारलं.

“मंग काय सांगू? पोरगी जवान झाली अन् खेळून राहिली?”

बाबांचे एक मित्र मोबाइल पाहायला लागले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते पैशाबद्दल बोलतील, नाहीतर खोट्याबद्दल. माझ्याकडे दोन्हीची उत्तरं तयार होती.

“तू चार पानं लिहून देली होती,” बाबा म्हणाले. “पेचकस होता, कंपनी होती. ‘मले खेळायले पाहिजे’ हे कुठं होतं?”

“नव्हतं.”

“मागणीच नव्हती,” बाबा मित्रांकडे वळून म्हणाले. दुसऱ्याच्या पत्रकातली चूक दाखवावी, अगदी तसं. “चार पानं, अन् मागणीच नाही.”

ते बरोबर होतं. भावाच्या अर्ध्या पानात मागणी होती. दोघं खेळता येते. माझ्या चार पानांतला प्रत्येक मुद्दा आजही खरा आहे, आणि त्यातला एकही माझं कारण नव्हता. मला यंत्र उघडायचं होतं, हे खरं. पण त्याआधी मला खेळायचं होतं, आणि ते वाक्य लिहायची मला हिंमत झाली नव्हती. भावाला हिंमत लागलीच नव्हती.

“बरं, खेळशील मंग,” मामा म्हणाले. “पयले चहा ठेव सगळ्यायले.”

टीव्हीवर शर्यतीचे आकडे उलटे मोजले जात होते. मी उठले नाही. आईने सुपारी खाली ठेवली. ती उठणार हे दिसत होतं, आणि ती उठली असती तर मलाही उठावं लागलं असतं. पण तिने भावाकडे पाहिलं.

“तुले येते का रे चहा?”

“येते.”

“जा मंग.”

तो गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांसमोर खेळले आणि हरले. चांगलीच हरले. माझा हात माउसचा. कंट्रोलरची ती काडी अंगठ्याने किती ढकलायची याचा मला अंदाजच येईना. माझी गाडी एका भिंतीला लागून उभी राहिली आणि मागे-पुढे करत तिथेच राहिली. मामा पाण्यात पडले, परत आले, उलट्या दिशेने गेले, आणि तरीही माझ्याआधी पोचले.

“इतके वर्ष अभ्यास करून हे?” मामा म्हणाले.

खोली पुन्हा हसली. या वेळी मी त्या खोलीत होते. चहात साखर फार होती, तो सगळ्यांनी प्यायला.

एवढ्यावरून घर बदललं असं मी सांगणार नाही. पुढच्याच आठवड्यात एक शेजारीण आली तेव्हा आई “ती अभ्यास…” म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, “ती आहे आत, आपलं काम करून राहिली.” ही तडजोड आहे. पण मी तक्ता बंद केला आहे, आणि मागच्या खोलीचं दार उघडं असतं.

तुम्ही मला विचारलं तर मी आजही पीसीच घ्या म्हणेन. तो उघडा, साफ करा, हळूहळू वाढवा. फक्त एक लक्षात ठेवा. आपल्याकडे पीसीचा सर्वात मोठा फायदा म्हणून जो सांगतात, की त्यावर अभ्यासही होतो, तोच त्याचा सर्वात मोठा तोटा आहे. त्याच्या आड लपता येतं. डब्याच्या आड लपता येत नाही. तो खेळायचा आहे आणि खेळतानाच दिसतो. कंपनीच्या ताब्यातल्या त्या बंद वस्तूबद्दल मला चांगलं म्हणावं लागलेली ही एकच गोष्ट आहे.

आता मागणी. ती वर लिहायला हवी होती, पण मग तुम्ही इथपर्यंत आला नसता.

पुढच्या वेळी कोणाच्या घरी गेलात आणि तिथली मुलगी खेळताना दिसली, तर काय शिकून राहिली असं विचारू नका. तिच्या शेजारी बसा आणि दुसरा कंट्रोलर मागा. दुसरा नसेल तर तुमची पाळी येईपर्यंत थांबा. पाणी लागलं तर तिला उठवू नका. माठ आत असतो, पेला त्याच्यावरच असतो.