मक्याच्या पाकिटावरचा मजकूर

धाड गावाच्या पुढे रस्त्याला लागून मक्याचा एक कारखाना आहे. बी.एड. करूनही शाळेत नोकरी लागेना, म्हणून मी तिथे हजेरी लिहायला लागलो. माझं मराठी बरं, म्हणून मालकांनी नव्या पाकिटावरचा मजकूर मलाच लिहायला सांगितला. मी लिहिलं, 'वाढत्या मुलांसाठी जीवनसत्त्वांनी समृद्ध मक्याचा रवा'. तोवर मी यंत्राजवळ फिरकलोही नव्हतो.

पुढे एकदा तिथल्या मिस्त्रींनी सगळं दाखवलं. यंत्र आधी दाण्याचं साल काढतं, मग ज्यातून कोंब फुटतो तो मऊ गाभा वेगळा करतं. उरतो तो नुसता पिठूळ भाग; त्याचा रवा. मग जीवनसत्त्वांचं काय, असं मी विचारलं. मिस्त्रींनी पशुखाद्याच्या पोत्यांकडे हात केला.

"बरेचसे तं तिकडंच गेले. गाभ्यात तेल रायते. तो ठेवला तं रवा खवट होते, मंग दुकानदार घेत नाही."

ते स्वतः हा रवा घरी नेत नसत. मला माझ्याच अक्षरांची शिसारी आली, पण मी परत हजेरी लिहायला जाऊन बसलो.

त्याच आठवड्यात साखरखेर्ड्याला धाकट्या बहिणीकडे गेलो. दीड वर्षाच्या भाचीला मांडीवर घेऊन ती पेज भरवत होती, आमच्याच रव्याची. पोरीचं वजन वाढेना, म्हणून दोन्ही वेळा हीच पेज. वरणभात तिनं बंद केला होता. पोर तोंड फिरवत होती, हनुवटीवरून पांढुरका चिकट ओघळ येत होता. हे देऊ नकोस, मी म्हणालो.

"काऊन? तूच तं लिहेलं हाय ना, दादा."

भावाचं लिखाण म्हणून तिनं रिकामी पाकिटं पुसून फडताळात ठेवली होती. शेजारणींनाही दाखवली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती उठली आणि तिनं वाटी शेळीपुढे रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी मालकांना ती ओळ काढायला सांगितली. मक्यात जीवनसत्त्वं असतात की नाही, एवढंच त्यांनी विचारलं. असतात, मी म्हणालो. मग खोटं काय, म्हणून ते हसले आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा मी तसाच ठेवून उठलो. मी काम सोडलं. ओळ मात्र तशीच छापून येते.

बहीण आता गावातल्या चाचांच्या चक्कीवर अख्खा मका दळून आणते, आठ दिवसांपुरताच, म्हणजे पीठ खवट होत नाही. वरणभात पुन्हा सुरू झाला आहे, पोर अंगानं भरली आहे. पण तिला काय खाऊ घालायचं, हे बहीण आता अंगणवाडीच्या ताईंना विचारते. मी तिच्याच घरात समोर बसलेलो असलो तरी.