घरातलं एकच नाव

त्या थंडीत महापालिकेची निवडणूक आली आणि चार उमेदवारांची चार पत्रकं आमच्या दाराखालून आत सरकली. मी ती मन लावून वाचली. प्रत्येकात 'खेल और संस्कृति' नावाचा एक चौकोन होता. एकाला बॅडमिंटन कोर्ट बांधायचं होतं, दुसऱ्याला मेळा भरवायचा होता. तिसऱ्याच्या चौकोनात नाचणाऱ्या बाईचं चित्र होतं आणि खाली काहीच नव्हतं. चौथा निवडून येणार हे सगळा सेक्टर धरून चालला होता. त्याचं आश्वासन होतं, कम्युनिटी सेंटरच्या वरच्या खोलीत तरुणांसाठी जिम.

ते मी दोनदा वाचलं, कारण त्या खोलीवर माझी आई जगत होती.

बाबा गेल्यावर मी तिला अमरावतीहून इकडे उत्तरेत आणलं. घरात आम्ही दोघीच. मी दिवसभर विद्यापीठात शिकवणार, आणि आईला हिंदी समजायची पण बोलायला जीभ वळायची नाही. शनिवारी दुपारी मात्र त्या खोलीत आम्हा मराठी घरांतल्या बायका जमायच्या. दोन भजनं, चहा, आणि मग वरणात गूळ घालावा की नाही यावर तासभर भांडण. आई एका पुण्याच्या बाईंशी इतकं कडाकडा भांडायची की घरी येताना तिचा चेहरा उजळलेला असायचा. आठवड्याचं सगळं बोलणं ती तिथं बोलून घ्यायची.

म्हणून आम्ही आठ-नऊ जणी त्या उमेदवाराकडे गेलो. आईही हट्टानं आली. त्यानं चहा पाजला, माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. खोली आमच्या संस्कृतीची आहे वगैरे मी बरंच बोलले, वर्गात बोलते तसं. त्याच्या शेजारी मतदार यादी घेऊन बसलेल्या माणसानं एकेकीचा घर नंबर विचारला आणि बोट फिरवायला सुरुवात केली.

"जी, आपका वोट यहाँ नहीं है।"

पहिलीचं नाव साताऱ्यात होतं. दुसरीचं नागपुरात, तिसरीचं नाशकात. बदलीची नोकरी, आज ना उद्या परत जायचं, मग नाव कशाला हलवा, असं प्रत्येकीचं. माझी तर बदलीचीही नोकरी नव्हती. बावीस वर्षं इथं राहून मी नाव अमरावतीत ठेवलं होतं, आणि त्याचा मला गर्व होता. त्या बावीस वर्षांत तिकडे जाऊन मत दिलं ते एकदाच.

माझ्या घर नंबरवर त्या माणसाचं बोट थांबलं. "इस घर में सिर्फ माताजी का है।"

मी आईकडे पाहिलं. शेजारच्या सरदारणीकडून तिनं गुपचूप फॉर्म भरून घेतला होता. मला म्हणाली, "राहतो इथं, न मत तिथं कायले देऊ?"

उमेदवार हसला नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं. हात जोडून म्हणाला, "माताजी, जिम के लिए लड़के घर-घर से आ रहे हैं। सबके वोट यहीं के हैं। आप ही बताइए, मैं क्या करूँ?" आईनं मान डोलावली. तिला ते पटलं, आणि मला त्या क्षणी तिचाच राग आला.

मतदानाच्या दिवशी धुकं होतं. दोन शाली गुंडाळून ती शाळेतल्या बूथवर गेली, मी बाहेर थांबले. मत कुणाला दिलं ते तिनं सांगितलं नाही. तो निवडून आला आणि त्यानं शब्द पाळला. दोन महिन्यांत सतरंजी, पेटी, टाळ बाहेर आले आणि वजनं आत गेली.

मग काही शनिवार कुणाकुणाच्या घरी झाले. पुण्याच्या बाईंच्या यजमानांची बदली झाली, बाकीच्यांना सेक्टर लांब पडू लागले. आई खिडकीशी बसू लागली. मी संध्याकाळी येऊन विचारायची, काय केलंस दिवसभर? ती म्हणायची, "काही नाही व." एवढंच. मी तिला वेळ द्यायला हवा होता. मी पेपर तपासत बसले.

पुढच्या थंडीत ती गेली.

त्यानंतर मतदार याद्या तपासायला एक शिक्षिका दारी आली. मी तिला मृत्यूचा दाखला दाखवला. तिनं पट्टी लावून आईच्या नावावर सरळ रेघ ओढली, मग अदबीनं विचारलं, "इस घर में और कोई वोटर, मैडम?"

"कोई नहीं," मी म्हणाले.

त्या घरात मी बावीस वर्षांहून जास्त काळ राहत होते.