मंगलताईंनी दिलेला प्रश्न

पुण्याहून निघताना माझ्या वहीत बावीस प्रश्न होते. पत्रकारितेच्या वर्गात मुलाखतीचं तंत्र शिकून झालं होतं आणि कॉलेजच्या अंकासाठी ऊसतोड करणाऱ्या एका बाईची मुलाखत आणायची होती. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

एसटीने केज गाठलं. पुढे काळी-पिवळी (दहा जणांची जीप, चौदा बसले की सुटते). माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी आली. उतरेपर्यंत तिने वहीचं एक पान खराब केलं, सात ते अकरा नंबरचे प्रश्न गेले. फारसं नुकसान झालं नाही, हे नंतर कळलं.

मंगलताईंच्या अंगणात मला खुर्ची मिळाली. समोर त्यांचे मालक अंकुशराव, शेजारचे चार पुरुष आणि बातमी लागताच आलेले उपसरपंच. मंगलताई उंबऱ्याशी खाली बसल्या. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून त्यांना विचारलं, फडात (उसाच्या शेतात) किती वाजता जाता? उत्तर अंकुशरावांनी दिलं. मंगलताईंच्या पाठदुखीबद्दल उपसरपंच बोलले आणि स्वतःचं नाव कसं छापायचं तेही सांगून गेले. चाळीस मिनिटांत मंगलताई एकदाच बोलल्या, "ह्ये सांगत्यात तसंच हाय."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोघांत तोंडही एकच असतं, हे वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

त्या भाकरी करायला उठल्या, तशी मीही चुलीपाशी गेले. तिकडे पुरुष येत नाहीत. वही बाहेर राहिली होती, म्हणून काही विचारलंच नाही. त्यांनी दिलेला लसूण सोलत बसले. बऱ्याच वेळाने त्या आपणहून बोलायला लागल्या. त्यांची पूजा नववीत आहे. दिवाळीनंतर तिलाही फडावर न्यायचं चाललंय, आणि एकदा नेलेली पोर पुन्हा शाळेत बसत नाही. नेकनूरची बहीण तिला ठेवून घ्यायला तयार आहे.

मी म्हटलं, मग अंकुशरावांना सांगा की.

"मी बोलले की भांडण हुतंय. तुमी इचारा. पाव्हणीनं चारचौघांत इचारलं तर ते न्हाई म्हणायचे न्हाईत."

काय विचारायचं तेही त्यांनीच सांगितलं आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

बाहेर येऊन खुर्चीत बसले. खरं सांगते, भीती वाटत होती. एका मुलीची शाळा माझ्या एका वाक्यावर आली होती.

"दादा, यंदा पूजाला कुणापाशी ठेवणार?"

उपसरपंचांनी तोंड उघडलं, मी हात वर केला. अंकुशरावांनी टोपी काढली, परत घातली.

"तिच्या मायलाच इचारा," असं म्हणून ते घराकडे वळले. "बोल की गं. कुणापाशी ठेवायची?"

मंगलताई दारात आल्या. हात पिठाचे होते. "नेकनूरला, माझ्या बहिणीपाशी. साळा संपंस्तोर."

"बरं," अंकुशराव म्हणाले.

जेवण झाल्यावर त्या मला जीपपर्यंत सोडायला आल्या. वाटेत म्हणाल्या, लग्नाला सोळा वर्षं झाली, मालकांनी काही विचारायची ही पहिलीच खेप.

परतीच्या एसटीत मी रेकॉर्डिंग ऐकलं. माझे प्रश्न चांगले होते, आवाजही स्वच्छ होता. पण त्या दिवशी मंगलताईंची मुलाखत घेतली ती अंकुशरावांनी. प्रश्न एकच होता, आणि उत्तर कधीचं तयार होतं.