माझा पाय आणि माझा आज्जा

डॉक्टरांनी माझ्या नडगीवर बोट टेकवलं आणि मी किंचाळले. सोलापूरच्या इस्पितळातली गोष्ट. मी अकरा वर्षांची होते.

"ऑस्टिओमायलायटिस," डॉक्टर म्हणाले. मग आज्जाला समजेल असं सांगितलं, "हाडाच्या आत पू झालाय. हाड उघडून काढावा लागेल. उशीर केलात तर पाय जाईल, कदाचित पोरही."

आज्जानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

दुधनीजवळच्या आमच्या गावात तो मेंढरं राखायचा, पण जत्रेत सोंग काढण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. कानडीत भांडणारी विहीणबाई काढली की बाया तोंडात पदर कोंबायच्या. नातवंडं भोवती बसल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

दुखणं सुरू झालं साध्या मुक्या मारानं. हळद-चुना लावला. मग ताप चढला, नडगी लाल होऊन तटतटली. भाऊबंद म्हणाले, तापल्या लोखंडाचा डाग द्या. आज्जा उसळला, "आदी तुमच्या ढुंगणाला द्या, मग माज्या पोरीला!" कळप माझ्या वडलांवर सोपवून, मला मांडीवर घेऊन तो आगगाडीत बसला.

ऑपरेशनच्या दिवशी मी क्लोरोफॉर्मला घाबरले. ते हुंगवून माणसाला झोपवायचं औषध. झोपले आणि उठलेच नाही तर? आज्जाला आत सोडणार नव्हते.

"मी खिडकीखाली हाय की," तो म्हणाला. "मेंढरास्नी घालतो तशी हाळी घालतो. ती ऐकत झोप."

नाकावर फडकं आलं. त्या गोड, गुदमरवणाऱ्या वासातून बाहेरची हाळी ऐकू येऊ लागली, लांबलचक, आमच्या माळावरची. कंपाउंडर त्याला हाकलायला निघाला. "असू दे," डॉक्टरांचा आवाज आला, "पोर शांत होतेय." पुढचं मला आठवत नाही.

पू निघाला, तरी जखम उघडीच ठेवली होती. रोज ड्रेसिंग, म्हणजे आतली जुनी पट्टी ओढून नवी भरायची. त्या काळी आजच्यासारखी औषधं नव्हती, जखम आतून भरायची वाट बघायची. आज्जा माझा पाय धरून बसायचा आणि सोंगं काढायचा. एकदा डॉक्टरांचंच काढलं. वॉर्ड हसत होता आणि डॉक्टर दारात उभे.

"नाडी मी इतकी वर धरत नाही," ते म्हणाले आणि स्वतःही हसले.

ड्रेसिंग झालं की आज्जा तोंड धुवायला मागच्या नळावर जायचा, फार वेळ. आई भेटायला आली तेव्हा नर्सबाईंनी तिला सांगितलं, "तुमचे सासरे तिथं हुंदके देऊन रडतात हो. पोरीला कळू देऊ नका." मी डोळे मिटून पडले होते. सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या सोंगाला मी दुप्पट हसले.

पाय वाचला. थोडा आखूड राहिला, मी लंगडते.

ज्यांच्या घरी असं दुखणं येईल त्यांना माझं सांगणं आहे: डाग देत बसू नका, इस्पितळ गाठा. आणि आजाऱ्याच्या उशाशी हसवणारं माणूस बसवा. त्या हसवणाऱ्याच्या पाठीवरही कुणीतरी हात ठेवा. त्याला ते लागतं.

घरी आल्यावर जत्रा भरली. आज्जाचं सगळ्यात गाजलेलं सोंग होतं लंगड्या नवरदेवाचं. माणसं ओरडू लागली, "नवरदेव काढ! नवरदेव!"

मी पुढंच बसले होते. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ते इसरलो गा आता," तो म्हणाला, आणि विहीणबाई अशी काढली की माणसं लोळली.

पुढं दरवर्षी मागणी व्हायची. दरवर्षी तो तेच म्हणायचा. मेंढरांच्या चार पिढ्या नावानिशी सांगणारा माझा आज्जा.