आगाऊ मूठमाती

आफ्रिकेतल्या एका सरोवराकाठी मिशनचा दवाखाना होता. तिथलं औषधांचं भांडार मी सांभाळत असे. चार वर्षांनी दोन महिन्यांची रजा मिळाली, तेव्हा श्रीरामपूर-राहुरी भागातल्या एकोणीस ख्रिस्ती मंडळ्यांना एसटीने फिरून भेटलो. त्यांच्याच आधारावर आम्ही तिकडे होतो. परत निघायच्या आदल्या दिवशी बायकोला घेऊन आत्याच्या गावी गेलो.

आईवेगळ्या मला आत्यानंच वाढवलं. रोज सकाळी पीठ मळताना ती आमच्या कामासाठी एक मूठ बाजरी बाजूला काढी आणि रविवारी उपासनेला जाताना ख्रिस्ती देवळात नेऊन देई. चार वर्षं, त्यात एक लीप वर्ष, म्हणजे एक हजार चारशे एकसष्ट मुठी. आजारपणातही खाडा नव्हता, असं तिथल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सांगितलं.

जेवण झाल्यावर तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "माझ्या मातीला येशील का रं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मनात दिवस मोजत होतो.

"सांगता येत नाही आत्या. तार पोचायला चार दिवस. मग शहर गाठायचं, विमान मिळायचं. सात दिवस तरी धर."

"सात दिवस? मला काय बर्फावर ठिवत्यात? मी काय मासळी हाय?"

"अहो, हो म्हणायचं की," बायको म्हणाली.

"आणि येता आलं नाही तर?"

"राहू दे सूनबाई," आत्या म्हणाली. "ह्यो लहानपनापासून असाच. देवानं हाक मारली तरी आदी पंचांग बगंल."

ती हसली खरी, पण लगेच ताटं उचलून आत गेली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. तिच्या कबरीत पहिली माती कोण टाकणार, एवढंच तिला कळायला हवं होतं, आणि मी तिला तारेचे दिवस सांगितले होते.

सकाळी धुकं इतकं होतं, की अंगणातला लिंबही दिसत नव्हता. आत्या पदर घेऊन दारात उभी होती. "चल," म्हणाली. तिच्यामागे मी गावाबाहेर निघालो. दोन्हीकडे तुरा आलेला ऊस होता. धुक्यात ऊस दिसत नव्हता, नुसते पांढरे तुरेच हवेत तरंगत होते. आमच्या पावलांचाही आवाज येत नव्हता. मी सातआठ वर्षांचा आहे आणि ती मला शाळेत सोडायला निघाली आहे, असं क्षणभर वाटलं.

ती कबरस्तानात मामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, कबरीपाशी थांबली. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती.

"ही माझी. दे आता."

"काय देऊ?"

"तुजी मूठमाती. मागनं येता येत न्हाई म्हनलास ना? मग आत्ताच दे."

मी वाकलो. माती थंड आणि दवानं ओलसर होती. माझ्या हातातली मूठ पाहून ती म्हणाली, "मोठी घे की. इथं बी मोजून देतोस व्हय?"

मी मूठ भरून घेतली. तिनं कमरेची कापडी पिशवी सोडून पुढे धरली. त्यात मी माती सोडली आणि तिनं दोन गाठी मारल्या. पुढे ती पिशवी तिच्या ट्रंकेत, मरणासाठी ठेवलेल्या पांढऱ्या लुगड्यावर राहिली.

त्याच दुपारी आम्ही निघालो. एसटी, रेल्वे, विमान, मग पुन्हा मोटार; तीन दिवसांचा तो प्रवास मला एकाच लांब झोपेसारखा आठवतो. सरोवर दिसलं तेव्हाही पाण्यावर तसंच धुकं होतं. तिथं हात धुताना नखांत गावची माती दिसली.

दोन पावसाळे गेले आणि पाळकांचं पत्र आलं. तार त्यांनी केली होती, ती पोचलीच नाही. पत्राला एकोणीस दिवस लागले. त्यात लिहिलं होतं: "प्रार्थना झाल्यावर आधी तुमची पिशवी सोडली. मग आम्ही सर्वांनी माती दिली."

मी भांडाराची वही काढून मागे मोजत गेलो. तिच्या मातीचा दिवस गुरुवार होता. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पट्ट्या चाळीस, सलाईन बारा बाटल्या. त्या दिवशी मनाला काही जाणवलं होतं का, हे पुष्कळ आठवून पाहिलं. नव्हतं जाणवलं. मी इथं पट्ट्या मोजत होतो, आणि तिकडे माझी मूठ सर्वांच्या आधी पोचली होती.